काढून ठेवलेला कान

जिनिव्हा. काचेच्या खोपटात आम्ही दोघी,
अर्धा तास मिरेला, अर्धा तास मी.
फ्रेंच आत येतं, इंग्रजी बाहेर जातं.
मध्ये मी असते, असं करारात कुठे लिहिलेलं नाही.

खाली सभागृह. पाट्याच पाट्या,
प्रत्येक पाटीपुढे पाण्याचा पेला
आणि एक कान. प्लॅस्टिकचा, काळा.
रात्री हब्तोम तो स्पिरिटने पुसून ठेवतो.

आज फेलिक्स ताबी उठला.
त्याच्या बेटावरची सगळी माणसं
या इमारतीच्या पार्किंगमध्ये दाटीवाटीने मावतील.
घड्या पडलेला कागद उलगडून
तो विहिरींची नावं वाचू लागला,
मोठ्या देशाने धक्क्यासाठी खाडी खणल्यापासून
ज्यांचं पाणी खारं लागतं त्या विहिरींची.
दुसऱ्या विहिरीपाशीच
मोठ्या देशाच्या माणसाने कान काढला
आणि टेबलावर ठेवला.
रागाने नाही.
झोपताना चष्मा ठेवावा तसा.

बळी तो कान पिळी, हे जुनं झालं.
आताचा बळी कुणाचा कान पिळत नाही,
स्वतःचा काढून ठेवतो.

मी बोलत राहिले. सातवी विहीर, आठवी,
एकीचं नाव कुणाच्या तरी सासूवरून पडलेलं,
तेही सांगितलं.
त्या टेबलावर माझा आवाज किती?
काडेपेटीत कोंडलेल्या माशीएवढा.

आणि हे जग तरी कोण लागून गेलंय?
याच सभागृहात टाळ्या ऐकल्यात मी
(टाळ्यांना दुभाषा लागत नाही)
अशा ठरावांसाठी, ज्यांची आठवण
आता मांडणारेही काढत नाहीत.
एका मताला एक रस्ता, दोन मतांना स्टेडियम,
हा भाव लिफ्टमध्ये मी कानांनी ऐकलाय,
दोन भाषांत.

कॉफीच्या यंत्रापाशी तो भेटला.
नाणं अडकलं होतं. यंत्राला थापटत म्हणाला,
माझे वडील जहाजावर होते.
दुष्काळात धान्य घेऊन निघाले, तेव्हा बाकीचे सगळे
त्या बंदराचा उच्चार कसा करायचा
यावर भांडत होते.
आम्ही जगाला विचारत बसलो असतो तर?

मला उत्तर सुचलं नाही.
उत्तरं सुचण्याचे मला पैसेही मिळत नाहीत.
खरं असावं ते. डोळे पाणावले होते त्याचे.

जनाची नाही तर मनाची, म्हणतात.
पण देशाचं मन ठेवतात कुठे?
पाटी पाहिली, झेंडा पाहिला,
बंदोबस्तात आलेली काळी गाडी पाहिली,
मनासाठी खुर्ची मांडलेली कधी पाहिली नाही.
कदाचित जनच असेल ते,
दारं लावून घेतल्यावर
आतून ऐकू येणारं.

नाणं पडलं. पेला भरला.
जाता जाता तो वळला,
सहज विचारल्यासारखं:
शेवटी काय म्हणाला तो?

काही नाही, मी म्हटलं.
कागद संपला. वेळ उरली होती.
तो तुमच्याकडे बघत उभा राहिला.
मी माइक चालू ठेवला.

किती वेळ?

एक मिनिट चाळीस सेकंद.

तो कॉफी ढवळत राहिला. साखर घातलीच नव्हती.

रात्री कोट चढवताना हब्तोम भेटला,
हातात ट्रे, ओठांवर आकडे.
पुन्हा मोजले त्याने.
एक कान कमी भरतोय, म्हणाला,
जातो कधीकधी, कुणाच्या तरी खिशातून चुकून.
कुठल्या टेबलावरचा, ते मी विचारलं नाही.
बाहेर ट्राम निघायच्या बेतात होती.